सरळ ओढलेली लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी थोरली आहे. थोरली म्हणजे विजेच्या तारा खांद्यावर वाहणारा लोखंडी मनोरा. मनोऱ्याने पुरुषासारखं बोलावं असं तुमच्या गुरुजींना वाटेल, वाटू द्या. ज्यांनी मला उभं केलं त्यांनी मला थोरली म्हटलं आणि मला ते मानवलं. रांगेतले बाकीचे मनोरे तारा या हातातून त्या हातात देतात, झालं त्यांचं काम. मी कोपऱ्यावर आहे. तारा माझ्यापाशी वळतात, म्हणून दोन्हीकडची ओढ माझ्या अंगावर. प्रत्येक घरात अशी एक असतेच, जिला सगळे ओढतात आणि कुणी बस म्हणत नाही.

कागदावर आमचं नाव पायलॉन. मला उभारताना इंजिनिअर साहेब मुकादमाला सांगत होते, ते मी ऐकलं. दूरच्या वाळवंटी देशात फार जुन्या काळी देवळाच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी बुरूज बांधत, ते पायलॉन. झुलत्या पुलाचे दोर ज्या उंच खांबांवरून सोडतात, तेही पायलॉन. विमानाच्या पंखाखाली इंजिन धरून ठेवणारा भाग, तोही. आणि रस्ता खणला की भोवती मांडतात ते नारिंगी प्लॅस्टिकचे शंकू, त्यांनाही काही लोक हेच नाव देतात. हे ऐकून मुकादम हसला. मला मात्र राग आला. एवढ्या मोठ्या घराण्यात हे शेंबडं पोर कुठून आलं, असं वाटलं. पुढे विचार केला तेव्हा कळलं, की आमच्या घराण्याची कामं दोनच. एक तर धरून ठेवायचं, नाहीतर सावध करायचं. पहिलं मी आयुष्यभर केलं. दुसरं मला जमलं नाही.

माझं लोखंड कारखान्यात कापलं, भोकं पाडली, वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून काढलं. प्रत्येक तुकड्यावर आकडा ठोकला. अडीच हजार बोल्टांनी मला जोडलं. पहिल्यांदा वीज आली त्या संध्याकाळी खालच्या वस्तीतली माणसं घराबाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. एका बाईने लेकराला माझ्याकडे बोट करून दाखवलं. त्यानंतर चाळीस वर्षांत तसं कुणी बघितलं नाही. दिवे गेले की मात्र सगळ्यांना माझी आठवण येई, तीही शिव्या द्यायला.

एकच माणूस माझी विचारपूस करायचा. मनोऱ्यांवर चढणारा तो कामगार उंच होता म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. दरवर्षी वीज बंद करून तो माझ्यावर चढे. "थोरले, गुदगुल्या झाल्या तरी हलू नकोस," असं खालीच बजावून ठेवी. पाना घेऊन एकेक बोल्ट ठोके. घट्ट असला तर टण वाजे, सैल असला तर ठप. सैल बोल्ट आवळला की लाल रंगाचा ब्रश घेऊन नटावरून लोखंडावर एक बारीक रेघ ओढी. नट हलला की रेघ तुटे, आणि तुटलेली रेघ लांबूनही दिसे. ही युक्ती त्याचीच. मुकादमाला ती इतकी आवडली की त्याने सगळ्या बोल्टांवर रेघा मारून घेतल्या आणि ठोकणं बंद केलं. नुसत्या डोळ्यांनी काम होतंय तर हात कशाला दुखवायचे, असं त्याचं म्हणणं. लंबू दोन दिवस कुरकुरला, मग त्यालाही सवय झाली.

तीन वर्षांपूर्वी वाऱ्याने माझ्या उजव्या पायावरचा एक बोल्ट सैल केला. चढताना पाय ठेवायला खुंटासारखे बाहेर आलेले बोल्ट असतात, त्यांतला हा पंचेचाळिसावा. नट फिरला, रेघ तुटली. मी निर्धास्त होते. लंबू येईल, बघेल, आवळेल.

त्याच्याआधी रंगारी आला. हा मुकादमाचा मेहुणा, बायकोचा भाऊ. मुकादमाने त्याला मला पूर्ण राखाडी रंगवायला सांगितलं आणि दम भरला, की एकही लाल रेघ नाहीशी झालेली चालणार नाही. पोरगा आज्ञाधारक. त्याने सगळं अंग रंगवलं आणि मग पट्टी लावून प्रत्येक बोल्टावर नवी लाल रेघ ओढली. जिथे तुटली होती तिथेही. इतक्या सुबक रेघा लंबूने कधी काढल्या नव्हत्या. मुकादम खालून बघून म्हणाला, "पाहुणे, हात आहे तुम्हाला." पाहुणे लाजले.

महिन्याभराने लंबू चढला. पंचेचाळिसाव्या बोल्टाजवळ आला, रेघ बघितली, सरळ होती. मी त्याला कशी सांगणार? वारा नव्हता, नाहीतर करकरले तरी असते. त्याने पाय ठेवला आणि बोल्ट त्याच्या पायाखाली फिरला. कमरेच्या पट्ट्याने त्याला धरलं, जीव वाचला. पण झोका खाऊन तो माझ्याच लोखंडावर आदळला आणि कमरेचं हाड मोडलं.

मुकादम वर चढला. त्याने लंबूला दोराने खाली सोडलं. मग एकटा उरला तेव्हा तो बोल्ट हाताने हलवून बघितला. नंतर पाना काढून नट आवळला आणि खिशातल्या ब्रशने रेघ सरळ केली. "बायकोला काय तोंड दाखवू," असं काहीसं पुटपुटला. ते फक्त मी ऐकलं.

चौकशीला साहेब आले तेव्हा लंबू कुबड्यांवर आला होता. बोल्ट सैल होता, एवढंच तो सांगत राहिला. साहेबांनी एका नव्या कामगाराला वर पाठवून बोल्ट ठोकायला लावला.

टण.

मित्रांनो, मला खोटं वाजता येत नाही. घट्ट बोल्ट घट्टच वाजणार. जन्मभर खरं बोलले आणि त्या खऱ्यानेच माझ्या माणसाला खोटं पाडलं.

लंबू म्हणाला, "आज वाजतोय, साहेब. त्या दिवशी ठोकला असता तर कळलं असतं."

"मग का नाही ठोकला?"

लंबूने मुकादमाकडे बघितलं. मुकादम माझ्या पायाशी उगवलेलं गवत बघत होता. कागदावर कामगाराची बेफिकिरी असं लिहिलं गेलं. लंबू पुन्हा आला नाही. रंगाऱ्याला काहीच माहीत नाही. पुढच्या मनोऱ्यावर त्याने अजून सुबक रेघा मारल्या.

आता तारा जमिनीखालून न्यायचं ठरलंय. माझ्या तारा उतरवल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी ओढत नाहीये, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही. उद्या कापणारे येतील. पंचेचाळिसावा बोल्ट बाकीच्यांबरोबर भंगारात जाईल, रेघेसकट.

मित्रांनो, सांगून उपयोग होतो असा माझा अनुभव नाही, तरी सांगते. ज्यांच्या खांद्यावर तुमचं घर चालतं, त्यांना वर्षातून एकदा हात लावून बघा. लांबून सगळंच सरळ दिसतं.

आज सकाळी माझ्याभोवती सहा नारिंगी शंकू मांडून गेलेत. शेंबडी पोरं. पण रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्यांना बघून वळसा घालून जातोय.