सासूच्या घोंगडीतलं ब्लीच

ब्लीचची निळी पिंपं जागेवर नाहीत म्हटल्यावर हिल्काने खोलीचा कोपरान्कोपरा धुंडाळला. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत रसायनांच्या खोलीची किल्ली अकरा वर्षं तिच्याकडे होती, आणि आज अकरा वाजता तपासनीस बाई यायच्या होत्या. मागच्या खेपेलाच त्या बजावून गेल्या होत्या: पुन्हा चूक दिसली तर शेजारचा सौना, म्हणजे कामगारांची घाम काढायची गरम खोली, बंद; ती जागाही रसायनांना.

सौना बंद म्हणजे शुक्रवारच बंद. नवरा गेल्यापासून हिल्का आठवड्यातून एकदा रडायची, ती तिथेच. घामातून डोळ्यांचं पाणी कोण निवडत बसतंय?

"वेइयो! माझी पिंपं कुठायत?"

बॉयलरवाला वेइयो दालचिनीचा पाव चघळत आला. "काल संध्याकाळी रसायनांच्या खोलीतला हीटर गेला. बाहेर उणे एकोणतीस! गोठली असती बिचारी. उबेला ठेवलीत."

उबेला म्हणजे सौनाच्या भिंतीला टेकून. आजारी आजोबांना गुंडाळावं तशी वर लोकरीची घोंगडी. वास नको म्हणून हवेच्या भोकाची झाकणं काढून साधी झाकणं घट्ट पिळलेली. त्यात शुक्रवार म्हणून सौनाची चूल सकाळी सहापासून पेटलेली. पिंपं नववा महिना लागल्यासारखी फुगली होती.

"मेल्या, ब्लीच आहे ते! तापलं की वायू सुटतो, आणि तू वर बूच मारलंस? कुणाचं लेकरू आहे म्हणून पांघरूण घातलंस?"

"घोंगडी सासूची आहे," वेइयो म्हणाला. ब्लीच लागलं तिथे घोंगडीला भोकं पडली होती. ती बघून तो फारसा दुःखी दिसला नाही.

हिल्काने निखारे बाहेर काढायला लावले, सगळ्यांना हाकललं, दारं सताड उघडली. पिंपं गार होईपर्यंत कुणाला फिरकू दिलं नाही. मग चष्मा, हातमोजे, लांब एप्रन. तोंड बाजूला करून तिने झाकण केसभर फिरवलं. फुस्सऽऽ.

"सासू बोलली!" वेइयो दाराबाहेरून ओरडला.

दुसरंही फुसफुसलं. तिने भोकाची झाकणं परत बसवली.

"आता ढकल जागेवर," वेइयो कुजबुजला. "बाईंना कळतंय कशाला?"

"उद्या पुन्हा हीटर गेला की पुन्हा इथेच आणशील."

अकरा वाजता तपासनीस बाई आल्या, तेव्हा तिने त्यांना कॉफी दिली आणि घोंगडीसकट सगळं सांगितलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "ब्लीचला गारवा हवा, पण गोठवणारा नको. ऊन नको, गरम भिंत नको, आम्लाचे डबे तर जवळपासही नकोत. सौना सोडून अशी खोली आहे तुमच्याकडे?"

हिल्काने क्षणभर विचार केला. उत्तरेचा कोपरा. स्वतःचा पंखा. बाराही महिने अंगात दोन स्वेटर.

"आहे. माझं ऑफिस."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

दोन वाजता वेइयो तिचं टेबल पाठीवर घेऊन शिव्या घालत सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरला. टॉवेलांच्या खुंट्यांखाली ते नेमकं मावलं. बाईंनी तिथेच सौना चालू ठेवायच्या कागदावर सही केली आणि हळूच विचारलं, "चूल पुन्हा पेटते का हो?"

त्याच संध्याकाळी हिल्का सौनातल्या वरच्या फळीवर बसली. शेजारी लालबुंद तपासनीस बाई, आणि भिंतीपलीकडून वेइयोचा आवाज: "सासूला सांगू तरी काय?"

दोघी इतक्या हसल्या की रडायचं राहूनच गेलं.