उघड्यावरची झाडं

फर्ननं तुऱ्याच्या मधोमध वाळलेलं एकच पान चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं. पान जराही आढेवेढे न घेता हातात आलं. निरोगी तुऱ्यातलं पान असं येत नाही, त्याला उपटावं लागतं. तिनं दोन्ही अंगठ्यांनी तुरा उकलला. बाहेरून हिरवागार, मनगटाएवढा जाड, आणि आत देठाला लागून राखाडी लोकर भरलेली.

"हाही गेला," ती म्हणाली. "पिशवी धर, बाबा."

हॉलिसनं तुऱ्याखाली पिशवीचं तोंड उघडून धरलं. तिनं कुजक्या भागाच्या चार बोटं खाली कात्री चालवली, तुरा पिशवीत सोडला आणि कात्री स्पिरिटच्या डब्यात बुडवली. झाडाला धक्का लागला की बुरशीची धूळ उडून शेजारच्या तुऱ्यांवर बसते, म्हणून दोघंही खोलीत तान्हं मूल झोपलेलं असावं अशा बेतानं हालचाल करत होते.

कुरणात गांजाची चाळीस झाडं होती. चार ओळी, प्रत्येक झाड माणसाहून उंच. सकाळपासून नऊ तपासून झाली होती आणि त्यातली दोन धड निघाली होती. ओळींवर लोखंडी कमानींचा मांडव उभा होता, पण कमानी उघड्या होत्या, त्यांच्यावर प्लास्टिक नव्हतं. वर आता लखलखीत ऊन पडलं होतं. नको तेव्हा नेमकं पडतं तसं.

आमच्या या डोंगरावर सहा महिने आभाळ कोरडं ठणठणीत असतं. ऑक्टोबरात तुरे भरतात, आठ-दहा दिवसांत कापायचे म्हणून माणूस कात्र्यांना धार लावून ठेवतो आणि न बोलावता पाऊस हजर होतो. त्याला कुणाची दयामाया नाही. पाणी घट्ट तुऱ्यांच्या पोटात शिरतं, तिथं वारा पोचत नाही, आणि तीन-चार दिवसांत आतून कूज लागते. म्हणून तर फर्ननं वसंतात मांडव घालून घेतला होता. मैत्रिणीच्या लग्नाला सॅक्रामेंटोला जाताना तिनं फ्रिजवर चिठ्ठीही चिकटवली होती: गुरुवारी वीज कंपनीचं हेलिकॉप्टर तारा तपासायला येईल, घाबरू नकोस. गुरुवारी रात्रीपासून पाऊस आहे, प्लास्टिकला हात लावू नकोस. बाकी काही करायचं नाही. सूप फ्रीजरमध्ये.

पाऊस चार दिवस पडला. तिसऱ्या दिवशी दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि रविवारी परतायची ती मंगळवारी रात्री पोचली. सकाळी कुरणात आली तर कमानी उघड्या.

"वाऱ्यानं नेलं," हॉलिस म्हणाला होता.

तासाभरानं ओढ्याकडच्या उतारावर तिला ते सगळं प्लास्टिक सापडलं. व्यवस्थित घडी केलेलं, वर फरच्या फांद्या अंथरून झाकलेलं. ते कमानींना अडकवायचे चिमटे कॉफीच्या डब्यात मोजून भरलेले. वारा घड्या घालत नाही.

तेव्हापासून तिचा आवाज मऊ झाला होता, आणि हॉलिसला तोच सहन होत नव्हता. उन्हाळ्यात त्यानं एकदा पाणी न घालता किटली चुलीवर ठेवली होती. दुसऱ्यांदा ट्रकच्या किल्ल्या ब्रेडच्या डब्यात सापडल्या. तिनं दोन्ही वेळा काही म्हटलं नव्हतं, फक्त खालच्या गावातल्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली होती. 'स्मरणशक्तीची तपासणी, सगळेच करून घेतात,' असं काहीतरी पुटपुटत. डॉक्टरांच्या दवाखान्यामागे म्हाताऱ्यांसाठी बांधलेली खोल्यांची चाळ होती आणि तिथं कुणाकुणाला ठेवलंय हे हॉलिसला पाठ होतं. तिथून परत डोंगरावर आलेला एकही माणूस त्याला आठवत नव्हता, आणि याचं कारण विसराळूपणा नव्हता.

"दमलास तर बस हं जरा," फर्न म्हणाली. "मी करते."

"दमलो नाही."

"पाणी प्यायलास का सकाळपासून?"

"प्यायलो. पेला कुठं ठेवलाय तेही सांगू का?"

ती हसली नाही. दहाव्या झाडाकडे वळली आणि खालच्या फांदीपासून तपासू लागली.

खरं तर कूज शोधण्यात तिच्यापेक्षा तोच तरबेज होता. नजर अधू झाली होती, पण नाक शाबूत होतं. कुजलेल्या तुऱ्याला गांजाचा तो गोडसर उग्र वास राहत नाही, ओल्या गोणपाटाचा वास येतो. त्यानं वाकून हुंगलं आणि वरच्या शेंड्याकडे बोट केलं. तिनं उकलून पाहिलं. राखाडी. जो तुरा सगळ्यांत मोठा, तोच आधी जातो. त्यानं असं किती तरी पीक पाहिलं होतं, पण ते सगळं त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यातलं एकही असं उघड्यावर नव्हतं. तो लावायचा ते ओकच्या दाट सावलीत, दोन इथं, तीन तिथं, वरून पोलिसांना दिसू नये म्हणून. तिथं ऊनही नाही आणि वाराही नाही, त्यामुळे निम्मं दर वर्षी कुजायचंच. निम्मं राहिलं तरी नशीब म्हणायचं.

कुंपणाचं फाटक वाजलं. बर्नडीन आली होती, पलीकडच्या टेकाडावरची. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात स्वतःची कात्री. इथं पाऊस पडून गेला की लोक बोलावण्याची वाट पाहत नाहीत. फाटकावर फर्ननं गांजा लावायला आता मिळणारा सरकारी परवाना चौकटीत घालून ठोकला होता. बर्नडीननं जाता जाता त्याला सलाम ठोकला.

"काय साहेब, परवानगी आहे ना आत यायची?"

"ये," फर्न म्हणाली. "कात्री आधी स्पिरिटमध्ये."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून कात्री धरतेय मी." तरीही तिनं ती बुडवली. मग वर कमानींकडे पाहिलं, खाली झाडांकडे पाहिलं. "अरे देवा. किती गेली?"

"अजून तीस बघायची आहेत."

"आणि प्लास्टिक?"

फर्ननं पुढचं पान चिमटीत धरलं.

"वाऱ्यानं नेलं," फर्न म्हणाली. "चिमटे मीच हलके घेतले होते. चूक माझी."

हॉलिसच्या हातातली पिशवी चुरचुरली. त्याची थाप आता तिनं अंगावर घेतली होती, तीही शेजारणीसमोर, त्याची लाज राखायला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बर्नडीननं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि दुसऱ्या ओळीला लागली. ती गप्प बसून काम करणाऱ्यांतली नव्हती.

"माझं ऐका," ती म्हणाली. "गुरुवारी मी काय केलं माहितीये? ते हेलिकॉप्टर आलं ना तारा बघायला, तेव्हा माझ्या चादरी दोरीवर होत्या वाळत. पांढऱ्या. मी अशी धावले, अशी धावले, चारही चादरी ओढल्या आणि घरात जाऊन पलंगाखाली कोंबल्या. चादरी! ओल्या! मग तिथंच बसले जमिनीवर. म्हटलं, बाई गं, चादरींसाठी कोण पकडणार आहे तुला?"

फर्न हसली. सकाळपासून पहिल्यांदाच, आणि खळखळून. "पलंगाखाली?"

"मग काय. गादीला बुरशी येईल आता. सत्तर वर्षांची झाले, नवरा दोन वर्षं आत काढून आला, मेलाही, आणि माझे पाय अजून त्याच काळात धावतायत."

फर्ननं हसता हसता मनगटानं डोळे पुसले. हॉलिस तिच्याकडे पाहत होता. सहा वर्षांची असताना याच उतारावर त्यानं तिला नेच्यांच्या झुडपात उपडं झोपवलं होतं आणि वर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. वर बघायचं नाही, चेहरा पांढरा दिसतो, असं त्यानं तिला शिकवलं होतं. शाळेत कुणी विचारलं तर बाबा लाकडं फोडतात. मैत्रिणीला घरी आणायचं नाही. वाढदिवस खाली गावात करायचा. तिनं एकदाही विचारलं नव्हतं, का. शहाणी मुलगी, असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. भ्यालेली मुलगी आणि शहाणी मुलगी यांतला फरक त्याला तेव्हा कळला नव्हता आणि कळला तेव्हा ती मोठी होऊन शहरात गेली होती. वीस वर्षांनी परत आली ती हे कुरण साफ करायलाच.

आत्ता बोललो नाही तर सोमवार येईल, एवढं त्याला दिसत होतं. आणि ती हसते आहे, तेव्हा बोलणं सोपं आहे, असंही वाटलं.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"प्लास्टिक मीच काढलं. चिठ्ठी वाचली होती. चष्मा लावून, दोनदा. वीज कंपनीचं आहे हे मला ठाऊक होतं." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आवाज आला आणि हात चालायला लागले. एवढं पांढरं, वरून मैलभर दिसणारं. सगळं उतरवून लपवलं तेव्हा कुठं थांबलो."

"मग परत का नाही घातलंस?"

"संध्याकाळी घालायला गेलो. वारा सुटला होता. एकट्याला ते चढत नाही."

"बर्नडीनला फोन करायचा होतास."

"काय सांगणार होतो तिला?"

दुसऱ्या ओळीतली कात्री थांबली होती. बर्नडीन झाकणातल्या कॉफीकडे बघत होती. चादरींची गोष्ट सांगितली नसती तर बरं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

फर्न हसत नव्हती. ती झाडाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं एक पान ओढलं, मग दुसरं.

"मला वाटलं, तुला काहीतरी होतंय," ती म्हणाली. आवाजातला मऊपणा गेला होता. "सकाळपासून एकच चाललंय डोक्यात. तुला खाली त्या खोलीत ठेवून परत एकटी वर कशी येईन, हेच."

"म्हणून तर सांगितलं."

"हो. सोमवारचं रद्द करते."

त्याला हवं होतं ते मिळालं होतं. तो डोंगरावरच राहणार होता. तरी छातीतला दगड हलला नाही.

"इथं कुरणात लावली होती मी," फर्न म्हणाली. "तिकडे ओकखाली जागा होती, पाणीही जवळ होतं. पण इथं लावली, मुद्दाम. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावीत, आता काही लपवायचं नाही म्हणून. रोज सकाळी फाटकात उभी राहून बघायचे, दिसतायत ना."

"पोरी..."

"विसरला असतास तर बरं झालं असतं, बाबा."

ती ते रागानं म्हणाली नाही. तुऱ्याच्या चार बोटं खाली तिनं कात्री लावली आणि तो पिशवी पुढे करीपर्यंत थांबून राहिली.