पाण्याची रेघ

सुतारमामांना नसत्या चौकशा फार. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या घराघरांत उंच फळ्या ठोकायचं काम निघालं, आणि मामा हत्यारं खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "पाणी कुठवर आलं होतं हो?"

आडदांड खाटकाने गळ्याला हात लावला. कपाट सरकवलं, तर मागची गढूळ रेघ त्याच्या कमरेला! प्राध्यापकबाईंनी तर डोक्यावर हात नेला. सगळ्यांचंच तसं. खरी रेघ दाखवली की माणसं ओशाळून हसायची, "एवढंच होतं?" म्हणून मोकळी व्हायची.

पूर्वी पिढीतून एकदा येणारं पाणी आता चार वर्षांत तिसऱ्यांदा आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, जगभर हवामान बिघडलंय. कुठे पूर, कुठे वणवे. घरं दुरुस्त होतात, माणसं आतून हललेलीच राहतात."

"मग वणव्यातल्यांना ज्वाळाही उंच आठवत असतील?"

मामांनी फळी ठोकता ठोकता विचारलं.

मामांचं खरं दुखणं घरातच होतं. त्यांची सहा वर्षांची लेक चिमणी पुरापासून खालच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. जेवण वर, झोप वर. आता शाळाही बुडायला लागली होती. समजावून समजावून आई थकली.

गल्लीला लागू पडलेलं औषध घरी का पडणार नाही? रविवारी मामांनी खालचं कपाट सरकवलं आणि पोरीला उचलून आणलं. "बघ, माझ्या कमरेएवढंच पाणी! उगाच राईचा पर्वत."

चिमणी कडेवरून उतरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या नाकाशी आली.

"मला एवढं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आजीला वर न्यायला गेलात ना, तेव्हा."

"पण तुला स्टुलावर उभं केलं होतं मी."

"स्टूल वाहून गेलं. मग मी टाचा उंच केल्या."

मामा तिच्यासमोर खाली बसले. आजीला वर ठेवून ते दोन मिनिटांत परतले होते. निदान त्यांना तरी दोनच मिनिटं आठवत होती.

"किती वेळ उभी होतीस गं?"

"मोजत होते. पण मला शंभरपर्यंतच येतं."

"मग?"

"मग परत एकपासून."

मामांनी तिला पोटाशी धरलं आणि ते ढसाढसा रडले. मग डोळे पुसून एकेक विचारत गेले, आणि ती सांगत गेली, त्या खालच्याच खोलीत, जेवणाची वेळ टळून गेली तरी.