वरच्या खोलीसाठी लाइन

विश्वनाथरावांना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाव करण्यातलं सगळं कळत होतं. इतवारी बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान, उभी हयात तिथंच गेलेली. त्यामुळे लकडगंजच्या घरी ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या.

ठरलं ते अश्विनच्या एका वाक्यावरून. अश्विन त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. होळीला दोन दिवस येऊन गेला, तेव्हा निघताना बूट घालता घालता म्हणाला, "कंपनी आता घरून काम करू देते, बाबा. पण आपल्याकडे धड नेट नाही ना. असतं, तर महिना महिना येऊन राहिलो असतो."

पोरगा सहज बोलला. ऑटोत बसेपर्यंत विसरलाही असेल. इकडे मात्र विश्वनाथरावांनी ते वाक्य गाठीशी बांधलं आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी वरच्या खोलीतले गव्हाचे डबे खाली आणवले. घरात बोलायला दोघंच, आणि दोघांचं एकमेकांशी बोलून कधीच संपलेलं. जिन्यावर पोराच्या पायांचा आवाज यावा, एवढंच त्यांना हवं होतं. हे फार मोठं मागणं आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

आधी गल्लीतला केबलवाला चंद्रभान आला. "भाऊ, शंभरची स्पीड देतो. महिन्याचे चारशे. तुमच्यासाठी पन्नास कमी."

"शंभर म्हणजे काट्यावर शंभरच भरते का?"

चंद्रभाननं डोकं खाजवलं. "संध्याकाळी सगळी गल्ली पिक्चर पाहून राहते, तवा थोडी कमी होते. अन इकडून फाइल पाठवाची स्पीड अर्धीच समजा."

एरवी विश्वनाथरावांनी स्वस्तातला माल डोळे झाकून उचलला असता. पण पोराचं काम अर्ध्या स्पीडवर कसं चालायचं? मग मोठ्या कंपनीचा माणूस बोलावला. तीनशेची स्पीड, येताना तेवढीच, जाताना तेवढीच, आणि भाव चंद्रभानच्या दुपटीहून जास्त, वर टॅक्स निराळा. विश्वनाथरावांनी सवयीनं घासाघीस केली, लाइन बसवण्याचा खर्च माफ करून घेतला, आणि सरळ वर्षभराचे पैसे भरून टाकले. महागाचा माल त्यांनी इतक्या आनंदानं आयुष्यात घेतला नव्हता.

"राउटर वरच्याच खोलीत लाव," त्यांनी सांगितलं. "खाली आमाले काय करायचं?"

त्या माणसानं फोनवर स्पीड मोजून दाखवली. काटा सरसर चढत तीनशेला टेकला, आणि नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे बघतच राहिले.

"आता तं येईन ना जी तो?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"न यायले काय झालं त्याले!"

रविवारी दोघं वर गेले, नवा कूलर लावला आणि अश्विनला व्हिडिओ कॉल केला. आजवर त्याचा चेहरा तुकड्यातुकड्यानं यायचा, ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. आज पोरगा समोर बसल्यासारखा दिसला, दोन दिवसांच्या दाढीसकट.

"अरे वा, एकदम क्लिअर!"

"तीनशेची लाइन घेतली तुह्यासाठी," विश्वनाथरावांनी माल मांडला. "आता आरामात इथून काम कर."

"ती डाउनलोडची स्पीड असेल बाबा. अपलोड कमी असतं."

"तेही तीनशेच आहे. इचारून घेतलं."

"पण तिकडे लाइट जाते ना."

"इन्व्हर्टर लावला वर."

"आणि उन्हाळा... ती खोली म्हणजे भट्टी असते."

"नवा कूलर आणला. हा काय, चालून राहिला."

"हो, पण कूलरचा आवाज. माझ्या मीटिंग असतात..."

विश्वनाथरावांचं उत्तर तोंडात होतं, पण त्यांनी पोराकडे नीट बघितलं. हे गिऱ्हाईक त्यांच्या ओळखीचं होतं. आधी डब्याचा भाव जास्त म्हणतं. भाव उतरवला, तर झाकण सैल आहे म्हणतं. झाकण बदलून दिलं, तर बूड पातळ आहे म्हणतं. डब्यात काही खोट नसते. त्याला घ्यायचाच नसतो, आणि तोंडावर नाही म्हणायची लाज वाटत असते. अशा माणसाला विश्वनाथरावांनी कधी अडवलं नाही. "राहू द्या, तुमच्याजोगा नाही हा," असं ते आपणच म्हणायचे. माणूस मोकळा होऊन पायरी उतरायचा, आणि पुढच्या सणाला परत यायचा.

अश्विन खाली मान घालून बसला होता.

"आवाजाचं सोड," ते म्हणाले. "खरं सांगू का बेटा, या लाइनचाच भरवसा नाही. भर दुपारी बंद पडून राहते. तुह्या नोकरीचं नुकसान व्हायचं. सध्या तू तिकडंच राय."

कौशल्याबाईंनी चमकून बघितलं. विश्वनाथरावांनी हळूच त्यांचा हात दाबला.

"असं होय? अरेरे," अश्विन म्हणाला.

म्हणाला अरेरे, पण त्याचा चेहरा खुलला. कपाळावरची आठी गेली, खांदे सैल झाले. चित्र इतकं साफ होतं की त्यातलं काही म्हणजे काही लपलं नाही. मग तो भरभरून बोलत सुटला. आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, दुकानात बसायला माणूस ठेवा म्हणून बापावर रागावला. पुण्यात गेल्यापासून विसरलेलं घरचं 'काहून' त्याच्या तोंडी दोनदा आलं. इतका वेळ तो गेल्या कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "दिवाळीले येतोच ना मी," म्हणून त्यानं फोन ठेवला.

कौशल्याबाई कितीतरी वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"काहून खोटं बोलले तुम्ही? एक मिनिट तं बंद नाही पडली लाइन."

"त्याले यायचं नाही वं."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आणि म्हणाल्या, "मंग वापस करून टाका हे. इतक्या महागाचं काय करायचं आपल्याले?"

"राहू दे," विश्वनाथराव म्हणाले. "चेहरा साफ दिसते त्याचा."

पुढच्या रविवारी फोनची वेळ व्हायच्या आधीच दोघं वर जाऊन बसले. आवाज नको म्हणून कूलर तेवढा बंद ठेवला.