कसाव्याच्या पिळणीची बोळवण

“मी गेल्याचं कळलं की हिला माझ्या पाणवठ्यावर आणून सोड. भिंतीवर ठेवून घेऊ नकोस. ठेवलीस तर मी मागे मागे फिरत राहीन.”

हा आवाज माझ्या धनिणीचा. तिचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. घेतलं की पुढे निघालेला त्याचा पाय अडतो.

मित्रांनो, मी एक जुनी पिळणी आहे. काळ्या पाण्याच्या नदीवर, अगदी वरच्या अंगाला, माझं गाव. तुम्ही उपासाला ज्या कंदाचा साबुदाणा खाता, त्याची कडू जात आमच्याकडे रोजच्या जेवणात असते. ती कच्ची खाल्ली तर जीव घेते. म्हणून कंद ओढ्यात भिजवायचा, किसायचा आणि ओला कीस माझ्या पोटात भरायचा. मी वेताच्या पट्ट्यांची नळी, तिरप्या विणीची, माणसाहून लांब. पोट भरलं की बुटकी आणि जाडजूड दिसते. मग मला आढ्याला टांगतात, खालच्या कडीत दांडा घालतात आणि बायका त्यावर बसतात. मी ताणत जाते, बारीक होते, आणि सगळं विष थेंबाथेंबानं खालच्या मडक्यात उतरतं. मागे उरतं ते भाकरीचं पीठ.

मला धनिणीच्या नवऱ्यानं विणलं. विणून होईपर्यंत त्यानं मिरची सोडली होती, गरम जेवणही सोडलं होतं. नेम मोडला की वीण सैल पडते, असं तो म्हणे. माझ्या अंगावरची माशाच्या काट्यासारखी नक्षी त्याच्या घराण्याची. तो गेल्यावर रिवाजाप्रमाणे त्याची होडी फोडली, धनुष्य जाळलं. मी राहिले, कारण मी धनिणीची होते.

एक दिवस नदीच्या खालच्या शहरातून ओदेते नावाची तरुण बाई आली. माणसं कशी राहतात, कोण कुणाला काय म्हणतं, याचा अभ्यास करायला. तिला इतके प्रश्न पडत की गावानं तिचं नाव ‘विचारणारी’ ठेवलं.

“भाकरी गोलच का करता?” तिनं विचारलं.

“तुझं तोंड गोल आहे म्हणून,” धनीण म्हणाली. “ये, विचारता विचारता दांड्यावर बस. तोंडाबरोबर बूडही कामाला लाव.”

ओदेते बसली आणि माझ्यातून रसाची धार लागली. बायका खूश झाल्या.

“वजनदार आहे हो पोर! हिला हाक काय मारायची?”

“मुलगी म्हणा,” धनीण म्हणाली. “मुलगी म्हटलं की काम सांगता येतं.”

हसून हसून एकीचा तोल गेला आणि ती दांड्यावरून खाली आली. ओदेतेही हसत होती.

ती परत निघाली तेव्हा धनिणीनं मला तिच्या हातात दिलं.

“अहो, मग तुम्ही पिळणार कशात?”

“माझ्याकडे आणखी एक आहे. तुझ्या गावात कुणी विचारलं, तिकडे तुझं कोण आहे म्हणून, तर दाखवायला काहीतरी हवं की नको?”

आणि मग, मी सुरुवातीला सांगितलं, ते ती बोलली. ओदेते म्हणाली, “सोडीन, आई.”

शहरात मी तिच्या भिंतीवर खिळ्याला लटकले. येणाऱ्यांना माझं फार कौतुक. कुणी म्हणे साप आहे, कुणी म्हणे माशांचा सापळा. मीही त्यांचा अभ्यास केला, मित्रांनो. मला दिसलं ते असं, की ही माणसं आवडती वस्तू भिंतीवर लावतात आणि मग तिला हात लावत नाहीत. ओदेतेचे केस पिकले, मी वाळून कडक झाले. माझ्या पोटात किसाऐवजी कोळ्याची जाळी भरली.

गेल्या पावसाळ्यात धनीण गेल्याचा निरोप आला. ओदेते माझ्याखाली बसून पुष्कळ रडली. “सुट्टी लागली की जाईन,” म्हणाली. तेवढ्यात संग्रहालयाचे तावारेस सर आले. त्यांनी चष्मा वर करून माझी नक्षी पाहिली.

“ओदेतेबाई, ही वीण दुसरीकडे कुठे पाहिली नाही मी. नव्या दालनात मधोमध ठेवू, काचेत. पाण्यात सोडायची म्हणता? अहो, कुजून जाईल ती.”

खोटं कशाला बोलू, काच मलाही बरी वाटली. तिथे कसर नाही, वाळवी नाही. ओदेतेला नाही म्हणवेना. सुट्टी लागली आणि संपली.

मग फोनवर दोमितिलानं बोलून ठेवलेला निरोप आला. दोमितिला धनिणीची पोटची मुलगी.

“ताई, आईची मडकी फोडली, निजायची झोळी जाळली, इथली पिळणीही पाण्यात सोडली. तरी संध्याकाळी कुत्री रिकाम्या चुलीकडे बघून शेपूट हलवतात. आई पिळणी शोधत येते गं. आणि भाऊ हटून बसलाय. बाबांनी हात धरून शिकवलेली वीण आहे त्याच्याकडे, पण म्हणतो, आईची अजून टांगलेली आहे, तोवर ती वीण हातात घ्यायची नाही. मी शेजारणीची पिळणी मागून आणते रोज. ती बया दर वेळी विचारते, तुझी शहरातली बहीण मेली का? तूच सांग, काय उत्तर देऊ?”

ओदेतेनं तो निरोप पुन्हा ऐकला. मग तावारेस सरांना फोन लावून सगळं सांगितलं, आणि पिळणी देता येणार नाही म्हणाली.

“आणि भावानं विणलीच नाही तर?” ते म्हणाले. “मग तर वीणच संपली.”

“संपेलही, सर. पण त्यांनी मला मुलगी म्हटलं होतं.”

“जपून जा,” सर हळूच म्हणाले.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, डागडुजी करा. पण ती देणाऱ्यानं देताना काय सांगितलं होतं, तेही आठवून बघा. तेही जपायचंच असतं. पाण्यात सोडलेली पिळणी पुढे कुठे जाते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मला आता त्याचीच उत्सुकता आहे.

आज सकाळी ओदेतेनं मला खिळ्यावरून उतरवलं. जाळी झटकली. वाळलेल्या पट्ट्या मोडू नयेत म्हणून ओल्या फडक्यानं अंग पुसलं. किती दिवसांनी मला पाणी लागलं! मग मला गुंडाळून तिनं झोळीच्या वळकटीत बांधलं, दार ओढून घेतलं आणि वरच्या अंगाला जाणाऱ्या बोटीसाठी धक्क्याची वाट धरली.