पोटावरचा शेक

मित्रांनो, रबराचं वय झालं की आधी त्याचे कोपरे कडक होतात आणि मग घडीवर भेगा पडतात. माझं तेच झालं आहे. मी एक जुनी तांबडी पिशवी आहे, गरम पाण्याची. अंगावर उभ्या रेघा, तोंडाला फिरकीचं बूच. कारखान्यात माझ्याबरोबर साच्यातून पुष्कळ बहिणी निघाल्या. कुणी म्हाताऱ्या गुडघ्यांना गेली, कुणी आखडलेल्या पाठीला. माझ्या वाट्याला एका मुलीचं पोट आलं.

तिला घरात ठकी म्हणत. शाळेत असताना एकदा पाळीच्या दिवसांत ती पोट धरून गुडघ्यांत डोकं घालून बसली, तेव्हा आईने मला औषधांच्या दुकानातून आणलं. जुन्या मऊ कापडाचा झगाही शिवला मला. पाणी उकळतं घ्यायचं नाही, भरल्यावर हवा दाबून काढायची, मग बूच आवळायचं, असं सगळं तिने ठकीला शिकवलं. "बघ, किती गुणाची आहे!" असं माझ्याकडे बघून म्हणाली. कौतुक कुणाला नको असतं?

पण माझं काम महिन्याच्या महिन्याला असं कधी आलंच नाही. मी खिळ्याला लटकून राही. ऋतू बदलत, माझ्यावर धूळ बसे. आणि मग एकदा खाली उतरले की आठवडा उलटून गेला तरी सुटका नसे. आई म्हणायची, "लहान आहे अजून, लागेल वळण." पुढे म्हणू लागली, "कामाच्या धबडग्यात होतं असं." ठकीला तर पाळी न येणं म्हणजे फुकटची सुट्टी वाटायची.

शिक्षण संपवून ठकी चष्म्यांच्या दुकानात लागली. काच घासून चौकटीत नेमकी बसवायचं बारीक काम. दुकानात जिकडेतिकडे आरसे. गिऱ्हाईक चष्मा लावून स्वतःला न्याहाळी आणि त्याच आरशात ठकीला आपली हनुवटी दिसे. तिथे राठ केस उगवू लागले होते. सकाळी चिमट्याने उपटावेत, तर चार दिवसांत पुन्हा बोटाला टोचत. मला पोटावर धरून ती हे सगळं घरात नव्याने आलेल्या वहिनीला सांगायची, म्हणून मला ठाऊक. "वहिनी, गिऱ्हाइकाचा नंबर तपासायचं काम नाही आता. मला बघून बाई म्हणालं तर नजर अधू, बुवा म्हणालं तर ठणठणीत," असं म्हणून हसायची. हसताना तिचं पोट हलायचं नाही. मला ते कळायचं.

वजनही वाढत चाललं होतं. मावशी येता-जाता म्हणे, "काय ग, वाऱ्याने फुगतेस का?" ठकीने रात्रीचं जेवण सोडलं. त्याने ती बारीक झाली नाही, नुसती दमली.

मग एकदा कितीतरी महिने कोरडे गेले आणि जी पाळी आली ती थांबेचना. त्याच सुमाराला तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. आई वहिनीला दटावून म्हणाली, "बाहेर बोलू नकोस. फिसकटेल सगळं. शेक घेतला की थांबेल." आई मला भरत राहिली. पाणी निवलं की ओतायची, पुन्हा भरायची. मी जमेल तेवढी ऊब देत होते. पण मित्रांनो, उबेने कळ कमी होते, वाहणारं रक्त थांबत नाही. हे ओरडून सांगायला माझं तोंड बुचाने बंद.

शेवटी दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ठकी खाली कोसळली. दुकानाच्या मालकांनी वहिनीला बोलावलं. वहिनीने आईला विचारलं नाही, सांगितलं, "दवाखान्यात नेते आहे. यायचं तर या." आणि मला पिशवीत कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तस्राव आटोक्यात आणला. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि आईला समोर बसवून समजावलं. शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बिघडला की अंडाशयातलं बीज वेळेवर बाहेर पडत नाही. पाळी लांबते आणि मग कधीकधी अशी अंगावर जाते. केस त्यामुळेच, वजनही बरंचसं त्यामुळे. "यात मुलीची काही चूक नाही. आणि हे घराण्यात असू शकतं. तुम्हाला कसं होतं?"

आई पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. "असंच," ती म्हणाली. "पहिलं मूल होईपर्यंत फार वर्षं गेली. लोक काय काय बोलायचे."

ठकी खाटेवरून उठून बसायला गेली. "आई, म्हणजे तुला माहीत होतं?"

"नाही ग. सोसायचं असतं, एवढंच माहीत होतं."

त्यावर ठकी रागावली नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि आईने मला हळूच तिच्या पाठीशी ठेवलं.

लग्नाच्या बोलण्यांचं काय झालं? ठकीने त्या मुलाला सगळं स्वतः सांगितलं. तो "कळवतो" म्हणाला आणि त्याने कळवलं नाही. आई रडली. ठकी कामाला गेली.

आता ती गोळ्या घेते, वेळेवर जेवते, संध्याकाळी आईला घेऊन लांबवर चालून येते. पाळी बरीचशी मार्गी लागली आहे. कधी चुकते, मग पुन्हा दवाखाना. चिमटा अजून सुटलेला नाही. हे दुखणं एका फटक्यात जात नाही, त्याला रोज सांभाळावं लागतं, आणि रोज सांभाळून माणूस थकतं.

परवा वरच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी आली. "काकू, शेकायची पिशवी देता? पोट दुखतंय." आईने मला हातात घेतलं, माझ्या भेगा पाहिल्या आणि बाजूला ठेवलं.

"ही गळते आता. दुसरी आणू," ती म्हणाली. "तू बस आधी. मागची पाळी कधी आली होती? त्याच्या आधीची? लाजू नकोस, मोठ्याने सांग."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. तिला जरूर भरा, तिची ऊब खोटी नाही. पण पाणी तापेपर्यंत एवढं विचारत जा.