लिफ्टवाल्याच्या बॅगेतली डायरी

मी एक डायरी बोलतेय. आधीच सांगते, माझा माणसांवर फारसा विश्वास नाही. माणसं आम्हाला मोठ्या हौसेनं घरी नेतात, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव घालतात, चार पानं लिहितात आणि मग आमच्यावर चहाचा कप ठेवतात.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी दिसायला बरी होते. निळं कव्हर, सोनेरी आकडे, प्रत्येक पानावर तारीख आणि वार. भेट म्हणून मी एका दवाखान्यातल्या नर्सकडे गेले. तिनं मला कपाटात टाकलं आणि विसरली. माझं अख्खं वर्ष कापसाच्या गठ्ठ्यांशेजारी अंधारात सरलं. वर्ष संपलेल्या डायरीला कोण विचारतं? रद्दीची वाट बघत पडले होते.

एक दिवस नर्सबाईंनी मला बाहेर काढलं आणि धाकट्या भावाच्या हातात ठेवलं.

"ताई, ही गेल्या वर्षीची आहे."

"वार खोडून लिही. दिवसभर डोक्यात जे भणभणत असतं ना, ते इथे उतरव."

"लिहून स्क्रू घट्ट होतात का?"

"नाही. पण तू परत परत जाऊन पिळलेस म्हणून जास्त घट्ट झाले का?"

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. हात चांगला, पण मनात कायम शंका. काम संपवून घरी निघाला की अर्ध्या रस्त्यात थबकायचा. दाराचा स्क्रू लावला ना? झाकण बसवलं ना? मग उलट्या पावली परत. सगळं ठाकठीक असायचं, तरी चार पावलांवर पुन्हा तेच. सोबतचे मेकॅनिक त्याला 'तपासनीस' म्हणून चिडवायचे. घरी पोचेपर्यंत जेवण गार झालेलं असायचं.

त्यानं माझ्यात पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा मला खात्रीच पटली की हाही त्यातलाच. पहाटे उठणे, व्यायाम, सहा इमारतींची कामं, आणि शेवटी ठळक अक्षरात, 'उद्यापासून काळजी बंद.' दुसऱ्या दिवशी यातलं काहीच जमलं नाही. मग त्यानं ते पान इतकं खरडलं की पेनाचं टोक मला मागच्या तीन पानांपर्यंत जाणवलं.

ताईनं ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हा बेत माणसाचा आहे की यंत्राचा? काळजी काय नळ आहे बंद करायला?"

मग दोघं बसले. सहाऐवजी चार इमारती ठरल्या. प्रत्येक कामानंतर थोडा वेळ मोकळा, पाणी प्यायला आणि एकदाच नीट तपासायला. वाटेत शंका आली तर परत फिरायचं नाही. ती लिहायची, आणि संध्याकाळच्या चहानंतर गॅलरीत बसून तिच्याकडे बघायचं. ऐकायला सगळं छान होतं. म्हणूनच मला ते पटलं नाही.

सुरुवातीला तो वाटेत लिहायचा आणि तरीही परत जायचा. मी बॅगेत मनाशी म्हणायचे, बघा, मी सांगत नव्हते? पण हळूहळू जाणं कमी होऊ लागलं. संध्याकाळी लिहिलेलं वाचताना कधीकधी त्याचं त्यालाच हसू यायचं.

घरात त्याच्या बायकोच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. उशिरा येणारा नवरा आता गॅलरीत बसून लिहितो, आणि आपण गेलो की वही मिटतो. बायकोनं एक दिवस चहाचा कप आपटलाच.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी रोज उशीर होतो, ती."

तो गडबडला. मग खाली बघत म्हणाला, "मी परत जातो. लिफ्ट नीट लावली का ते बघायला."

"रोज?"

"जवळजवळ रोज. तू मला वेडा समजशील म्हणून बोललो नाही."

"मी काय काय समजत होते," ती म्हणाली, "त्यापेक्षा वेडा बरा."

मला वाटलं, आता ती मला हिसकावणार, पानं फाडणार. मी कव्हर घट्ट मिटून बसले. पण तिनं मला हातही लावला नाही. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आज काय आलं डोक्यात? तूच सांग."

मग आली ती दुपार. फोन वाजला. त्यानं आदल्या दिवशी दुरुस्त केलेली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आणि आत एक म्हातारी गायन शिक्षिका होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, मी म्हटलं. आता हा मला जाळणार.

पोचल्यावर आधी त्यानं आजींना सुखरूप बाहेर काढलं. मग दार उघडून पाहिलं. आतला एक स्क्रू ढिला होता. त्यानंच लावलेला.

"चूक माझी आहे," तो इमारतीच्या व्यवस्थापकांना म्हणाला.

"मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"मी दुरुस्त करतो. तुम्ही शेजारी उभं राहून बघा."

आजी पायरीवर बसून पाणी पीत होत्या. "मी फार घाबरले रे. लिफ्ट पडली असती तर?"

"नाही पडत, आजी. काही बिघडलं तर जागच्या जागी थांबायचं, अशीच तिची रचना असते." बोलता बोलता तो मध्येच थांबला, जणू हे त्यानं स्वतःच पहिल्यांदा ऐकलं.

काम झालं. त्यानं एकदा तपासलं आणि निघाला. कोपऱ्यावर पाय अडखळले. आता वळणार, हे मी छातीठोक सांगितलं असतं. त्यानं मला बाहेर काढलं, भिंतीला टेकवलं आणि लिहिलं, 'ज्याची भीती होती ते झालं. आजी ठीक आहेत. मीही.' मग मला बॅगेत टाकून तो सरळ घरी गेला.

हल्ली माझी पानं रोज भरत नाहीत. परवा तो मला घरीच ठेवून कामावर गेला. दिवसभर माझ्या मनात नाही नाही ते आलं. विसरला का? नवी आणली का? संध्याकाळी तो वेळेवर आला, गरम जेवण जेवला, बायकोशी कशावरून तरी वाद घालून हसला. माझ्याकडे फिरकलाही नाही. मला राग यायला हवा होता.

तुमच्याही घरात एखादी कोरी वही पडली असेल, तर तिच्यात डोंगराएवढे संकल्प लिहू नका. उद्या खरंच होईल तेवढंच लिहा. आणि गरज सरली की तिला खुशाल विसरा. ती रुसेल, संशय घेईल, पण मनातून तिला बरं वाटेल. हे मात्र माझ्या लिफ्टवाल्याला सांगू नका.